हिंट नावाचा हुकूम

"संध्याकाळी सगळं ठीक असतं, सकाळी बिघडलेलं असतं." ग्राहकाची तक्रार एवढीच होती. सोबत दोन आलेख. पहिल्यात सपाट रेघ, दुसऱ्यात काटेच काटे.

सर्व्हर ३२ कोअरचा. त्यातले ० ते ३ हे चार कोअर घरकामाला ठेवलेले: लॉग, डिस्क, नेटवर्क, शेल. उरलेले २८ वेगळे काढलेले, म्हणजे आयसोलेटेड. त्यांच्यावर एकेक रिअल-टाइम प्रोग्रॅम बसवलेला, आणि त्याच्या कामात कोणी लुडबुड करायची नाही असा करार. इंटरप्ट म्हणजे एखाद्या उपकरणाने कोअरला मारलेली 'हातातलं थांबव, माझ्याकडे बघ' अशी हाक. बूट लाइनीवर, म्हणजे यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ओळीत, इंटरप्टसाठी 'आयआरक्यूॲफिनिटी=०-३' असंही लिहिलेलं, म्हणजे कोणताही नवा इंटरप्ट पहिल्या चार कोअरवरच यावा. उशीर मोजणारी सायक्लिकटेस्ट लावली की संध्याकाळी कमाल उशीर वीसेक मायक्रोसेकंदांत राही. सकाळी तोच आकडा शंभराच्या पार.

आमची टीम पुण्यात बसून लिनक्स कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम बघते. माझ्याकडे नेटवर्क ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणारा कोड. त्यामुळे हे तिकीट फिरत फिरत माझ्या पदरात पडलं.

पहिला संशय आयआरक्यूबॅलन्सवर. तो बिचारा नेहमीचाच आरोपी. दर दहा सेकंदांनी उठून कोणता इंटरप्ट कुठे न्यावा हे ठरवणारा, पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम (डीमन), म्हणजे त्यानेच ढवळलं असणार. बंद करायला सांगितलं. ग्राहक म्हणाला, तो पहिल्यापासून बंदच आहे. मग मी एक छोटी स्क्रिप्ट दिली: सगळ्या इंटरप्टच्या 'एसएमपी_ॲफिनिटी' फायलीत 'एफ' लिहायचा (ॲफिनिटी म्हणजे इंटरप्टने कोणत्या कोअरवर यायचं ते), म्हणजे परत कोअर ० ते ३. लिहिलं की लगेच सुधारे, सकाळी पुन्हा तेच. चार दिवस आम्ही साप समजून भुई धोपटत होतो.

पाचव्या दिवशी त्यांच्याकडच्या एकाने सहज सांगितलं, की रात्री तीन वाजता नेटवर्कवाल्यांचा एक जॉब चालतो. तो इंटरफेस बाँडमधून, म्हणजे एकत्र बांधलेल्या इंटरफेसांच्या मोळीतून, काढतो, खाली घेतो, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासून नीट करतो आणि परत जोडतो. हे आधी का सांगितलं नाही? कोणी विचारलं नव्हतं.

मी लॅबमध्ये तसंच कार्ड घेतलं आणि हाताने एमटीयू १५०० वरून ९००० केला. शेजारच्या खिडकीत '/प्रॉक/इंटरप्ट्स' उघडं होतं. या फायलीत प्रत्येक इंटरप्टची एक ओळ आणि प्रत्येक कोअरचा एक रकाना असतो. आमच्या कार्डाच्या पॅकेटांच्या १६ रांगा, प्रत्येकीला स्वतःचा (एमएसआय-एक्स पद्धतीचा) इंटरप्ट. एमटीयू बदलताक्षणी रांग ४ कोअर ४ वर गेली, रांग ५ कोअर ५ वर, आणि असंच १५ पर्यंत. आयसोलेटेड कोअरचे रकाने टॅक्सीच्या मीटरसारखे पळायला लागले.

म्हणजे आरोपी कर्नलच्या आतलाच. एफट्रेस या कर्नलच्या आत डोकावणाऱ्या हत्याराने 'आयआरक्यू_डू_सेट_ॲफिनिटी' या फंक्शनवर सापळा लावला आणि स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं ती साखळी, छापायला सांगितला. एमटीयू परत बदलला. सोळा वेळा तोच स्टॅक आला: एमटीयू बदल, ड्रायव्हर बंद, ड्रायव्हर चालू, इंटरप्ट मागणी, आणि शेवटी 'आयआरक्यू_सेट_ॲफिनिटी_हिंट'.

मी तो स्टॅक दोनदा वाचला. हिंट म्हणजे सूचना, सुचवणं. सुचवल्याने इंटरप्ट जागचा हलेल कसा? टीमलीडला दाखवलं, तर ती म्हणाली, "अरे, नावावर जाऊ नकोस, आतलं वाच." आत वाचलं. चार-पाच ओळींचं फंक्शन. मास्कचा, म्हणजे चालतील अशा कोअरांच्या यादीचा, पत्ता इंटरप्टच्या नोंदीत ठेवायचा, आणि मास्क रिकामा नसेल तर सरळ ॲफिनिटी बदलूनच टाकायची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आमची आजी "बघ बाबा, तुझी मर्जी" म्हणायची आणि घरातल्या सगळ्यांना कळायचं की विषय संपला. ही हिंट त्या जातीची.

हे असं कधी झालं, ते गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या वहीच्या, इतिहासात सापडलं. २०१० मध्ये, कर्नल २.६.३५ मध्ये हे फंक्शन आलं तेव्हा ते खरोखर नुसतं सुचवायचं. ड्रायव्हरला माहीत असतं की अमुक रांग अमुक कोअरच्या जवळ बरी. ते त्याने एका फायलीतून जाहीर करायचं, आयआरक्यूबॅलन्सने ती फाइल वाचायची आणि पटलं तर वागायचं. निर्णय बाहेरच्याचा, माहिती ड्रायव्हरची. मग २०१४ च्या अखेरीस त्यात एक छोटी भर पडली. आयआरक्यूबॅलन्स चालू नसेल तर सगळे इंटरप्ट कोअर ० वर गोळा होत, ते टाळायला हिंट देतानाच ॲफिनिटीही लावायची. हेतू चांगला होता, आणि त्या काळच्या यंत्रांवर त्याचा फायदाही झाला असणार. पण त्या दिवसापासून सूचनेचा हुकूम झाला आणि नाव मात्र तेच राहिलं. दुसरीकडे आयआरक्यूबॅलन्सने पुढे डीफॉल्टनेच हिंटकडे दुर्लक्ष करायचं धोरण घेतलं. ज्याच्यासाठी चिठ्ठी लिहायची तो वाचत नाही, आणि चिठ्ठी लिहिल्याने घरातलं सामान मात्र हलतं!

याहून गमतीचा भाग दुसराच निघाला. काही ड्रायव्हरांना हुकूमच द्यायचा होता आणि त्यांनी मुद्दाम हिंटचा आधार घेतला होता. खरं 'आयआरक्यू_सेट_ॲफिनिटी' हे मॉड्यूलांसाठी, म्हणजे कर्नलला वेगळे जोडले जाणाऱ्या भागांसाठी, खुलं नव्हतं, म्हणजे एक्स्पोर्ट केलेलं नव्हतं. हिंटवालं होतं. तेव्हा मागच्या दाराने आत. परफॉर्मन्स मोजणाऱ्या पीएमयू ड्रायव्हरांनी हेच केलेलं. त्यांची गरज मात्र खरी होती. एखाद्या कोअरचा काउंटर भरून वाहिला, तर त्याचा इंटरप्ट ठरलेल्या कोअरवरच यायला हवा, नाहीतर मोजमाप चुकतं. २०२१ मध्ये, कर्नल ५.१४ मध्ये, कर्नलच्या इंटरप्ट-भागाचे मेंटेनर (देखभाल करणारे) थॉमस ग्लाइक्सनर यांनी ते फंक्शन मॉड्यूलांना खुलं केलं आणि पीएमयूवाले पुढच्या दाराने यायला लागले.

त्यानंतर नितेश नारायण लाल यांच्या पॅच-मालिकेतून (पॅच म्हणजे कोडमधला सुटा बदल), ग्लाइक्सनर यांच्यासोबत, मूळ दुखणंच कापलं गेलं. कर्नल ५.१७ मध्ये, म्हणजे मार्च २०२२ पासून, एका फंक्शनाची दोन झाली. 'आयआरक्यू_अपडेट_ॲफिनिटी_हिंट' फक्त सुचवतं. 'आयआरक्यू_सेट_ॲफिनिटी_अँड_हिंट' सुचवतं आणि लावतंही. जुनं नाव एक पातळ वेष्टण म्हणून उरलं, डोक्यावर 'वापरू नका' अशी टीप घेऊन. बरेच मोठे नेटवर्क आणि स्टोरेज ड्रायव्हर त्याच मालिकेत बदलले गेले. आमच्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात नव्हता. कार्डाचं नाव सांगत नाही, दोष त्यांचा एकट्याचा नाही.

तर काम काय? एका ड्रायव्हरात पाच ठिकाणी जुनं नाव आहे, ते बदलायचं. मी टीमलीडला म्हटलं, दुपारपर्यंत होईल. ती हसली नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

पहिली आवृत्ती मी शोध-आणि-बदलाने केली. पाचही ठिकाणी अपडेटवालं, म्हणजे नुसतं सुचवणारं. बूट केलं, आणि एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याच्या) सर्व्हरवर चित्र सुंदर दिसलं. १६ रांगा कोअर ० ते ३ वर जवळजवळ चार-चार बसल्या, एकही आयसोलेटेड कोअरवर नाही, आणि माझी स्क्रिप्ट चालवावीच लागली नाही. कारण असं, की २०१४ ची ती भीती एक्स८६ वर आता उरलेली नाही. तिथलं व्हेक्टर-वाटप, म्हणजे कोणत्या इंटरप्टला कोणत्या कोअरवर जागा द्यायची ते, कर्नल ४.१५ च्या सुमारास नव्याने लिहिलं गेलं, आणि आता परवानगी असलेल्या कोअरांपैकी ज्याच्यावर कमी व्हेक्टर आहेत त्याला पुढचा मिळतो. बूट लाइनीवरचं '०-३' कर्नल मनापासून पाळत होता. ड्रायव्हरच ते पायदळी तुडवत होता.

आणखी एक गोष्ट इथे कळली, आणि ती कळल्यावर मला ड्रायव्हरचा जास्तच राग आला. इंटरप्ट सोडून पुन्हा मागितला तरी, मधल्या काळात त्याची नोंद नष्ट झाली नसेल, तर बाहेरून लावलेली ॲफिनिटी कर्नलचा गाभा स्वतःच जपून ठेवतो. 'ही मुद्दाम लावलेली आहे' असं निशाण त्याच्याकडे असतं. म्हणजे रात्री तीनला इंटरफेस खाली-वर झाला तरी ग्राहकाचा 'एफ' टिकलाच असता. ड्रायव्हर दर वेळी वरून आपला मास्क थापत होता म्हणून तो पुसला जायचा.

मी खूश होऊन पॅच पाठवायला बसलो. पाठवण्यातच दोन दिवस गेले. कर्नलला पॅच साध्या मजकुराच्या ईमेलमधून जातो, आणि आमच्या कार्यालयाचा मेल-सर्व्हर प्रत्येक मेलखाली 'हा संदेश गोपनीय आहे' अशी सहा ओळींची शेपटी लावतो. जगजाहीर करायच्या कोडला गोपनीयतेची शेपटी! वर टॅबची स्पेस करतो, म्हणजे पॅच लागतच नाही. शेवटी परवानगी काढून वेगळ्या खात्यावरून 'गिट सेंड-ईमेल' केलं. पॅचची शैली तपासणारा चेकपॅच आधी चालवला होता. तरी एका रिव्ह्यूअरने चलांची क्रमवारी बदलायला लावली. नेटवर्किंगमध्ये फंक्शनाच्या सुरुवातीची लांब ओळ वर आणि आखूड खाली असा रिवाज आहे, उलट्या ख्रिसमस झाडासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थट्टा वाटली होती. थट्टा नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या उत्तरात आला. विचारणा साधी होती: आयआरक्यूबॅलन्स नसलेल्या यंत्रावर या बदलाने रांगांची वाटणी बिघडेल का, आणि ते कुठे कुठे तपासलं? मी एक्स८६ वर तपासलं होतं. फक्त एक्स८६ वर.

आमच्या लॅबच्या कोपऱ्यात एक जुना एआरएम (मोबाइलमध्ये असतो त्या घराण्याच्या प्रोसेसरचा) बोर्ड आहे, धूळ खात पडलेला. त्यावर लावलं. चार कोअरच्या या बोर्डावर रांगा चारच, आणि त्या चारही कोअर ० वर. चारही! नेटवर्कवर भार टाकणारा आयपर्फ चालवला तर कोअर ० शंभर टक्के भरलेला आणि बाकीचे तिघे निवांत. या बोर्डाचा इंटरप्ट नियंत्रक जुन्या जीआयसी-व्ही२एम पद्धतीचा. तो मास्कमध्ये बसणारा पहिला चालू कोअर उचलतो आणि मोकळा होतो. नव्या, आयटीएस नावाचा इंटरप्ट-वाटप करणारा भाग असलेल्या एआरएम सर्व्हरांवर असं होत नाही, तिथे कर्नल ५.८ पासून कमी भाराचा कोअर शोधला जातो. पण हा बोर्ड तसा नव्हता, आणि असे बोर्ड अजून कुठे कुठे धावत असणार. २०१४ चा तो बदल ज्याने लिहिला, त्याने नेमकं हेच चित्र पाहिलं असणार. आठवडाभर मी मनात त्याला नावं ठेवत होतो, ती त्या दुपारी गिळली.

मग सुरू झाला वाद, जास्त करून माझा माझ्याशीच. पाचही ठिकाणी सेटवालं लावलं तर जुनाच कारभार, नुसतं नाव प्रामाणिक. पाचही ठिकाणी अपडेटवालं लावलं तर एआरएम बोर्ड लंगडा. एका रिव्ह्यूअरने तिसरी वाट सुचवली: मॅनेज्ड इंटरप्ट वापरा, वाटणी पूर्ण कर्नलवर सोपवा. एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर तसंच करतो, आणि स्टोरेजला ते शोभतं. पण मॅनेज्ड इंटरप्टची ॲफिनिटी बाहेरून बदलताच येत नाही. फाइलमध्ये लिहायला गेलं की एरर तोंडावर. ज्या ग्राहकाची तक्रारच 'आमचं ऐकत नाही' ही आहे, त्याच्या हातून सुकाणू काढून घेऊन त्याला काय उत्तर देणार?

आणखी एक पळवाट मी तपासली. कोअर निवडतानाच आयसोलेटेड कोअर वगळले तर? 'सीपीयूमास्क_लोकल_स्प्रेड' नावाचं मदतनीस फंक्शन आहे, ड्रायव्हर त्यातून जवळचे कोअर मागतात. २०२० मध्ये तिथेच तशी गाळणी लावली गेली होती. २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली. माझ्या आधी कोणीतरी त्या गल्लीत जाऊन परत आलं होतं, म्हणजे माझे दोन दिवस वाचले.

शेवटी प्रत्येक ठिकाणाला मी एकच प्रश्न विचारायला लागलो: हा इंटरप्ट भलत्याच कोअरवर आला तर उत्तर चुकेल, की नुसता वेळ जास्त लागेल? पीएमयूचं उत्तर चुकतं, तिथे हुकूम हवाच. आमच्या कार्डाच्या रांगांचा फार तर वेळ वाढतो. आणि वेळ कोणाचा वाचवायचा, नेटवर्कचा की रिअल-टाइम प्रोग्रॅमचा, हे ड्रायव्हरला कळणं शक्यच नाही. ते यंत्राच्या मालकालाच ठाऊक. एकदा असं पाहिल्यावर पाचही ठिकाणं भराभर सुटली. डेटाच्या रांगांना नुसती सूचना. व्यवस्थापनाच्या एकट्या इंटरप्टला हिंटची गरजच नव्हती, कोणीतरी सवयीने लावली होती, ती काढली. उरलेल्या जागा इंटरप्ट सोडण्याआधी हिंट पुसण्याच्या. त्या राहायलाच हव्यात, नाहीतर इंटरप्ट मोकळा करताना कर्नल लॉगमध्ये बोंब मारतो.

एआरएम बोर्डाचं काय? पॅचसोबत जाणाऱ्या कमिट संदेशात सरळ लिहिलं, की अशा नियंत्रकांवर आयआरक्यूबॅलन्स चालवा किंवा ॲफिनिटी हाताने लावा. हे लिहिताना बरं वाटत नव्हतं. आजही पूर्ण बरं वाटत नाही. पण लपवून बदल करण्यापेक्षा सांगून केलेला बरा, आणि मेंटेनरांनीही त्याच परिच्छेदाला हरकत न घेता वाक्यं आणखी स्पष्ट करायला सांगितली.

दुसऱ्या आवृत्तीत मी एक घोडचूक केली, तीही सांगून टाकतो. कोड आटोपशीर दिसावा म्हणून मास्क ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमधून काढून फंक्शनाच्या आत, स्टॅकवर नेला. हिंटवालं फंक्शन मास्कची प्रत करत नाही, फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवतं. फंक्शन संपलं की तो पत्ता भलत्याच्याच घराचा. 'ॲफिनिटी_हिंट' फाइल वाचली तर कधी निरर्थक आकडे यायचे, आणि एकदा तर वाचणारी 'कॅट' कमांडच कर्नल ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आतला गंभीर बिघाड, घेऊन पडली. सुदैवाने हे लॅबमध्येच दिसलं, रिव्ह्यूपर्यंत गेलं नाही. मास्क परत स्ट्रक्चरमध्ये नेला आणि वर दोन ओळींची टीप लिहिली, कारण आपल्यासारखा दुसराही कोणी सफाईचा हौशी येणारच.

तिसरी आवृत्ती तयार झाली तेव्हा नेट-नेक्स्ट, म्हणजे नेटवर्किंगचे नवे बदल जिथे जमा होतात ती शाखा, बंद. मर्ज विंडोचे, म्हणजे जमलेलं मुख्य कर्नलमध्ये जाण्याचे, दोन आठवडे तिथे नवे बदल घेत नाहीत. त्या दोन आठवड्यांत मी कमिट संदेश पुन्हा पुन्हा लिहिला. कोड बदलला जेमतेम वीस ओळींचा, संदेश झाला त्याहून लांब. काय बदललं ते पॅच सांगतोच. का बदललं, कोणाला फरक दिसेल आणि कोणाला त्रास होईल, हे मराठीत मनात जुळवून मग इंग्रजीत उतरवलं. पहिल्या मसुद्यात ग्राहकाच्या काट्यांबद्दल तावातावाने लिहिलं होतं, ते सगळं गेलं. राहिलं ते एमटीयू बदलल्यावर काय दिसतं याचं आधीचं आणि नंतरचं वर्णन. नेट-नेक्स्ट उघडल्यावर तिसऱ्या दिवशी 'लागू केला' असा आपोआप येणारा निरोप आला. टीमलीडने चहा पाजला, बाकी कोणाला काही कळलं नाही.

ग्राहकाच्या कर्नलमध्ये बदल जायला आणखी काही महिने गेले. गेला त्या दिवशी आम्ही दोन्हीकडून स्क्रीन उघडून बसलो. एमटीयू १५००, मग ९००० आणि परत १५००. कोअर ४ ते १५ च्या रकान्यांतला एकही आकडा हलला नाही. मी ग्राहकाला सांगितलं, की रांगांची संख्याच बदलली तर नोंदी नव्याने बनतात आणि हाताने लावलेलं पुसलं जातं, पण तेव्हाही बूट लाइनीवरचं ०-३ लागू होईल. तो म्हणाला, आम्ही रांगा बदलत नाही.

मग त्याने क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी दाखवली. माझी ती 'एफ' लिहिणारी स्क्रिप्ट तिथे दर मिनिटाला धावत होती, अजूनही.

"आता काढून टाका ना," मी म्हटलं.

"राहू दे हो," तो म्हणाला. "त्रास तर देत नाही."